देवरीहून मनाच्या उपचाराला निघताना: खर्च किती, नोंद कुठे

केसपेपरच्या खिडकीवर विचारतात, "काय त्रास आहे?" समोरची बाई म्हणते, "अशक्तपणा." कधी "अंग दुखते" म्हणते, कधी "डोकं जड राहते". दोन महिने धड झोप नाही, जेवण जात नाही, रोवणी तोंडावर आली तरी बांधीकडे पाय वळत नाही, पोराबाळांचा आवाजही नकोसा होतो, यातलं ती काहीच सांगत नाही. मागे रांग असते आणि रांगेत गावचीच माणसं उभी असतात. मग नोंदवहीत "अशक्तपणा" उतरतो, हातात ताकदीच्या गोळ्या येतात, आणि महिन्याभराने ती दुसरीकडे सलाईन लावून घ्यायला निघते. पुढे रक्त तपासणं, छातीची पट्टी काढणं, सोनोग्राफी, मध्येच पुजाऱ्याकडे जाऊन बाहेरचं बघून घेणं. वर्ष जातं, पैसे जातात, आणि आजाराचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही.

हे मार्गदर्शन अशा घरांसाठी आहे. उदासीनता म्हणजे डिप्रेशन, सततची धास्ती, अचानक उठणारी छातीची धडधड, झोप उडणं या दुखण्यांना डॉक्टर 'सर्वसाधारण मानसिक आजार' म्हणतात. सर्वसाधारण अशासाठी की ते खूप लोकांना होतात आणि बहुतेकांचे बाह्यरुग्ण उपचारानेच बरे होतात, भरती व्हावं लागत नाही. देवरी, चिचगड, ककोडी या पट्ट्यातून उपचार घ्यायचे तर पैसा कुठे लागतो, कुठे लागत नाही आणि कुठे विनाकारण जातो, हे पुढे मांडलं आहे. त्याच्याच जोडीने नोंदीचा हिशेबही येईल. माझ्या मते या आजारात सगळ्यांत जास्त पैसे वाचवणारी वस्तू म्हणजे नीट लिहिलेला केसपेपर, आणि तो जपून ठेवायला काही लागत नाही.

घराजवळ, बिनपैशाचं

पहिली नोंद आशाताईच्या हातून होते. तीस वर्षांवरच्या माणसांसाठी त्या एक तपासणी-फॉर्म भरतात. त्यात रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखूच्या प्रश्नांनंतर शेवटी मनाबद्दल दोन प्रश्न असतात: गेल्या दोन आठवड्यांत कामात गोडी कमी वाटली का, आणि उदास, निराश वाटलं का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज तीनच्या वर गेली तर पुढे पाठवायचं, असा नियम आहे. अंगणात चारचौघांत हे प्रश्न विचारले की उत्तर बहुधा "नाही" असंच येतं. तेव्हा आशाताईला आत बोलवा, पाणी द्या आणि खरं ते सांगा. फॉर्मला पैसे नाहीत. बाळंतिणीच्या घरी तर हे आवर्जून करा. नवजात बाळ बघायला आशाताई बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी येतातच, त्या वेळी आईची झोप आणि रडू यांचाही विषय काढा.

उपकेंद्रातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी असतात. ई-संजीवनीवरून त्या दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांशी तुमचं बोलणं करून देतात. तेही मोफत आहे. जाण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: आज नेटवर्क आहे का, आणि मानसोपचाराचे डॉक्टर कोणत्या दिवशी मिळतात.

टेली-मानस हा सरकारी दूरध्वनी १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाला. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात. ज्यांना गावात कुणालाच कळू द्यायचं नाही त्यांनी इथूनच सुरुवात करावी, असं मला वाटतं. बोलणं झालं की तारीख आणि काय सांगितलं ते वहीच्या पानावर लिहून ठेवा. पुढे डॉक्टरांसमोर बसल्यावर तेच पान कामी येतं.

जीव द्यावासा वाटतो असं कुणी म्हणालं तर यातलं काहीही पायरीपायरीने करत बसू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध कुलपात टाका, १०८ला फोन करा. १०८ची गाडी मोफत आहे. पोलिसांचं लचांड मागे लागेल या भीतीने अनेक घरं उशीर करतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याला शिक्षा करायची नसते. त्याची काळजी घेणं, उपचार देणं हे सरकारचं काम ठरतं.

देवरीचं ग्रामीण रुग्णालय

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत झाले. ग्रामीण रुग्णालय त्यात येतं. म्हणजे इथे खिडकीवर पैसे देण्याचा प्रश्न उरत नाही.

इथे दोन गोष्टी मागून घ्याव्या लागतात. पहिली, दिवस. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं एक पथक असतं. त्यात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ते आणि परिचारिका असाव्यात अशी योजना आहे, आणि ते ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या वारी येतं. "मानसिक आरोग्याचं पथक देवरीला कोणत्या वारी येतं?" हे आधी फोन करून किंवा आशाताईकडून विचारून घ्या. भलत्या वारी गेलात तर एक दिवसाची मजुरी फुकट जाते.

दुसरी, औषध. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ मध्ये लिहिलेलं आहे की अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारावरची औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सरकारी संस्थांमध्ये मोफत आणि कायम उपलब्ध असावीत. आपल्याकडचं ग्रामीण रुग्णालय त्याच पातळीचं आहे. उदासीनतेवरच्या फ्लुओक्सेटिन, एसिटॅलोप्रॅम आणि अमिट्रिप्टिलिन या तिन्ही गोळ्या २०२२च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. खिडकीवर "नाही" म्हणाले तर भांडू नका. वैद्यकीय अधिकाऱ्यांना नम्रपणे सांगा: "साहेब, औषध शिल्लक नाही असं केसपेपरवर लिहून द्या." अशी नोंद झाली की औषधाच्या मागणीत ती मोजता येते. तोंडी "नाही" कुठेच मोजलं जात नाही.

डॉक्टरांपुढे बसल्यावर "अशक्तपणा" म्हणून थांबू नका. किती दिवसांपासून झोप नाही, कामात मन लागतं का, भूक, रडू, मरणाचे विचार, दारू, घरात असा त्रास आधी कुणाला झाला होता का, हे सांगा. रक्तातला लोहाचा अंश आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या. दोन्हींपैकी एक बिघडलं तरी माणूस असाच मलूल होतो, आणि आपल्या भागात सिकलसेलही आहे. पण या तपासण्या एकदाच. प्रत्येक नव्या डॉक्टरकडे पुन्हा त्याच करायच्या नसतील तर जुना अहवाल बरोबर हवा.

गोंदियाची फेरी, आणि ती कमी कशी करायची

देवरीत काम भागलं नाही तर पुढचा पत्ता गोंदियाचा: शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं कुंवर तिलकसिंह रुग्णालय. हे महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं आहे, म्हणून ऑगस्ट २०२३ची मोफत सेवा इथे आपोआप लागू होत नाही. खिडकीवर नोंदणीचे थोडे पैसे लागू शकतात. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, हातात कार्ड असो वा नसो, सरकारी मानसोपचार संस्थेत मोफत उपचाराचा हक्क कायद्याने दिला आहे. तरी कार्ड असेल तर बरोबर ठेवा.

खरा खर्च दवाखान्याबाहेर होतो. जानेवारी २०२५च्या भाडेवाढीनंतर एसटीच्या साध्या बसचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याला १० रुपये ५ पैसे झालं. देवरी ते गोंदिया आमगावमार्गे साठ-सत्तर किलोमीटर. बारा टप्पे धरले तर एका बाजूचे साधारण १२० रुपये. बाईला राज्यात अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे. समजा आजारी वहिनी आणि सोबत तिचा नवरा असे दोघं निघाले. जाऊन-येऊन तिचे १२०, त्याचे २४०, म्हणजे ३६० रुपये. दोघांची एका दिवसाची मजुरी बुडाली. ती रोजगार हमीच्या २०२५-२६च्या दराने, म्हणजे ३१२ रुपयांनी मोजली तर ६२४. चहा-जेवणाला शंभर. एका फेरीचे झाले १,०८४, आणि त्यात गावापासून देवरीपर्यंतच्या काळीपिवळीचे पैसे धरलेले नाहीत. औषध फुकट मिळालं तरी हे हजार जातात. आमगावहून पॅसेंजर मिळाली तर पुढचं तिकीट दहा रुपयांच्या आसपास पडतं, पण गाडीची वेळ आणि दवाखान्याची वेळ जुळली तरच त्याचा उपयोग.

बेंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, तेव्हा कुटुंबांचा उपचार आणि प्रवासावरचा खर्च महिन्याला हजार ते दीड हजार रुपये निघाला होता. आपला हिशेब एका फेरीतच तिथे पोहोचतो.

आता फेऱ्या किती? उदासीनतेच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, काहींना सहाही. बरं वाटल्यावरही ती निदान सहा महिने चालू ठेवायची असते. पहिल्या महिन्यात दोनदा आणि पुढे महिन्याला एकदा, असं धरलं तर एकूण आठ-नऊ भेटी होतात. सगळ्या गोंदियाला केल्या तर नऊ-दहा हजार रुपये फक्त जाण्यायेण्यात आणि बुडालेल्या मजुरीत जातील. इथेच घरं हार मानतात. दुसऱ्या महिन्यात गोळी बंद होते, सहाव्या महिन्यात आजार परत येतो आणि सगळा खर्च पहिल्यापासून सुरू होतो.

त्यावर उपाय एका ओळीचा आहे. गोंदियाच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा, "पुढचं औषध देवरीत घेता येईल का?" येत असेल तर निदान, गोळीचं मूळ नाव, मात्रा, किती महिने आणि "ग्रामीण रुग्णालय, देवरी येथे चालू ठेवावे" हे केसपेपरवर लिहून घ्या. मग दोन भेटी गोंदियाला, सात देवरीत. दहा हजारांचा खर्च दोन-अडीच हजार अधिक देवरीच्या छोट्या फेऱ्या, इतका खाली येतो. नागपूरला जायची वेळ सर्वसाधारण मानसिक आजारात क्वचितच येते. आली तर तिथे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभागही आहेत. प्रवास मात्र गोंदियाच्या दुप्पट, आणि मुक्काम पडला तर तो वेगळा. त्याआधी टेली-मानस किंवा ई-संजीवनी वापरून बघा.

खाजगी डॉक्टर आणि दुकानातलं औषध

खाजगी मानसोपचारतज्ज्ञाचं शुल्क ज्याचं त्याचं असतं. निघण्यापूर्वी फोन करून चार गोष्टी विचारा: पहिल्या भेटीचे किती, फेरतपासणीचे किती, ती किती दिवसांत आलं तर कमी पडते, आणि समुपदेशनाचे पैसे वेगळे आहेत का. पाचवा प्रश्न मी आवर्जून सुचवेन: "औषधाचं मूळ नाव लिहून द्याल ना?"

मूळ नाव हवं, कारण एकच गोळी वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने वेगवेगळ्या भावात मिळते. पाकिटावरची किंमत भागिले गोळ्यांची संख्या, गुणिले तीस: हा महिन्याचा भाव तिथेच काढा. दहा गोळ्यांचं पाकीट शंभराचं असेल तर महिन्याला तीनशे, सहा महिन्यांना अठराशे. जनऔषधी केंद्रात हीच औषधं बाजारापेक्षा निम्म्याने किंवा त्याहून स्वस्त असतात, आणि त्यांच्या सुगम ॲपवर जवळचं केंद्र आणि भाव दोन्ही बघता येतात. गोंदियाला गेलातच तर दोन महिन्यांची चिठ्ठी मागून तिथूनच घेऊन या.

झोपेच्या गोळीबद्दल सावध राहा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशा गोळ्यांनी पहिल्याच रात्री बरं वाटतं, आणि म्हणूनच लोक उदासीनतेची गोळी सोडून हीच धरून बसतात. काही आठवड्यांत सवय लागते. ती किती दिवस घ्यायची हे चिठ्ठीवर लिहून घ्या, संपल्यावर परस्पर आणू नका, आणि बऱ्याच दिवसांची असेल तर एकदम बंदही करू नका. आणि सलाईन? सलाईनमध्ये मीठ, साखर आणि पाणी असतं. त्याने उदासीनता जात नाही. त्यावर गेलेले पैसे मला या साऱ्या हिशेबात सर्वांत जास्त खुपतात, कारण बहुधा ते उसनवारीचे असतात.

बोलून होणाऱ्या उपचाराचं मोल कमी समजू नका. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगत संस्थेने गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून सहा ते आठ बैठकांचा एक उपचार दिला. माणसाला पुन्हा रोजच्या कामांकडे, माणसांकडे हळूहळू वळवायचं, एवढाच त्याचा गाभा. तीव्र उदासीनतेतही त्याचा चांगला गुण आला. सरकारी पथकात समुपदेशक असतील तर तेही मागा, त्याला पैसे नाहीत.

विम्याचं थोडक्यात. २०१७च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरणं भाग पाडलं. पण बहुतेक विमे आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना भरती झालेल्यासाठी आहेत. बाह्यरुग्ण विभागातल्या गोळ्यांचे पैसे त्यातून मिळतील असं धरून चालू नका.

वहीतली नोंद जाते कुठे?

कर्करोगाची नोंदवही आपल्या देशात आहे. १९८७ मध्ये बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी खेड्यांतल्या कर्करुग्णांची नोंद सुरू झाली, आणि ग्रामीण भागातली ती देशातली पहिली. मनाच्या आजारांची अशी माणसागणिक राष्ट्रीय नोंदवही भारतात नाही. आपण सर्वेक्षणांवर चालतो. २०१५-१६चं ते मोठं सर्वेक्षण बारा राज्यांत झालं. छत्तीसगड त्यात होतं, महाराष्ट्र नव्हता. देवरीपुढे महामार्गाने सरळ गेलं की छत्तीसगडची हद्द लागते. हद्दीपलीकडचं राज्य मोजलं गेलं, अलीकडचं सुटलं. त्या सर्वेक्षणात सर्वसाधारण मानसिक आजार असलेल्या शंभरातले पंच्याऐंशी उपचारावाचून होते.

डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक आहे आणि मानसोपचाराची नोंदवही १९६९ पासून संगणकावर. त्यांनी बाळंतिणींच्या नोंदी रुग्णालयाच्या नोंदींशी जोडून पाहिल्या. पहिलटकरणीला मानसिक आजाराने भरती व्हावं लागण्याचा धोका बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढतो आणि दहाव्या ते एकोणिसाव्या दिवसांत सर्वाधिक असतो, हे त्यातून कळलं. बाळंतिणीच्या घरी आशाताईंशी बोला असं वर लिहिलं, त्याचं बळ अशा मोजणीत आहे. कुणाही एका बाईला न विचारता, तिला बसमध्ये न बसवता, लाखो जुन्या नोंदींतून हे समजतं. नोंदवहीवरचं संशोधन स्वस्त पडतं ते याचमुळे.

पण त्या वह्यांनाही एक मोठं भगदाड आहे. स्वीडनची राष्ट्रीय रुग्णनोंद १९६४ला सुरू झाली, १९८७ पासून सगळा देश तिच्यात आला, २००१ पासून तज्ज्ञांकडचे बाह्यरुग्णही. प्राथमिक दवाखान्यातल्या भेटी मात्र तिच्यात नाहीत. उदासीनता आणि धास्तीचे बहुतेक रुग्ण तर तिथेच, साध्या डॉक्टरांकडे जातात. मोठा आजार मोजला जातो, सर्वसाधारण आजार निसटतो. संशोधक मग २००५ पासूनच्या औषध-नोंदीतून, कुणाला कोणती गोळी दिली गेली यावरून अंदाज बांधतात. इतक्या श्रीमंत देशातही जी जागा रिकामी राहते, तीच देवरीच्या खिडकीवर "अशक्तपणा" या शब्दाने रिकामी राहते.

ती भरता येते, हे विदर्भातच दिसलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातलेच कार्यकर्ते घरोघरी बोलले, पुढे समुपदेशक आणि डॉक्टर. सुरुवातीला उदासीनता असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण उपचारापर्यंत पोहोचले होते (४.३ टक्के). अठरा महिन्यांनी २७.२ टक्के. आधीचा आणि नंतरचा आकडा दोन्ही मोजलेले होते, म्हणूनच हे ठामपणे सांगता येतं. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने गावोगाव बालमृत्यू मोजले, त्यातूनच घरी जाऊन बाळ बघण्याची पद्धत उभी राहिली, आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात त्या तिच्यामुळे. ककोडीकडच्या गावांतल्या उदास माणसांचा आकडा तालुक्याला कळला नाही, तर पथकाचा दिवस वाढवा असं मागायला आधार काय?

माझं नाव तर फुटणार नाही?

ही भीती रास्त आहे, आणि लग्नाच्या पोरीच्या घरी ती दुप्पट असते. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तुमच्या आजाराची माहिती डॉक्टर किंवा दवाखाना शेजाऱ्याला, सरपंचाला, मालकाला देऊ शकत नाही. कायद्यात मोजके अपवाद आहेत, उदाहरणार्थ काळजी घेणाऱ्या नातेवाइकाला गरजेपुरती माहिती किंवा कुणाच्या जिवाला धोका असताना. खिडकीवर सगळ्यांसमोर त्रास सांगायचा नसेल तर "डॉक्टरांनाच सांगते" म्हणा. तेवढं पुरतं.

कलम २५ने स्वतःची कागदपत्रं मिळण्याचा हक्क दिला आहे. डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेनुसार मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात आणि भरती रुग्णाच्या नोंदी निदान तीन वर्षं जपाव्या लागतात. झेरॉक्सचे पैसे लागतील, बाकी काही नाही.

आभा क्रमांकाबद्दल लोक गोंधळतात. हा चौदा आकडी आरोग्य क्रमांक मोफत आहे आणि ऐच्छिक आहे. तो नसला म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि तो असला तरी तुमची नोंद दुसऱ्या दवाखान्याला दाखवायची का, याची संमती तुम्हीच द्यायची असते. देवरी, गोंदिया आणि नागपूर अशा तीन ठिकाणी फिरणाऱ्याला त्याची सोय होऊ शकते. पण फोनवर आलेला ओटीपी गावातल्या कुणालाही वाचून दाखवू नका. फोन मुलाच्या नावावर असेल तर संमतीचा निरोप त्याच्याकडे जाईल, हेही आधी लक्षात घ्या.

कधी संशोधनवाले किंवा सर्वेक्षणवाले दारात येतील. मुलाखत घ्यायची असेल तर तुमची संमती त्यांनी समजावून घ्यायला हवी, आणि दिलेली संमती कधीही मागे घेता येते. नाही म्हटलं तरी तुमच्या उपचारात फरक पडता कामा नये. कोणत्या संस्थेचे, नीतिसमितीची परवानगी आहे का, नाव कागदावर राहणार की काढून टाकणार, हे विचारा. मराठी नीट समजत नसेल तर गोंडीत किंवा छत्तीसगडीत समजावून सांगायला सांगा. तुम्हाला एक पैसा द्यावा लागत नाही; उलट प्रवास आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई संशोधनात देता येते, तेव्हा ती मागायला संकोच करू नका. पैसे, आधारची प्रत किंवा बँकेचा क्रमांक मागणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा.

मी स्वतः सांगेन की नीट विचारणाऱ्याला उत्तर द्या. तुमच्या नावाची त्याला गरज नसते, तुमच्या गावातून किती जण निघाले ते हवं असतं.

निघण्याच्या आदल्या रात्री एक प्लास्टिकची पिशवी भरून ठेवा. जुने सगळे केसपेपर तारखेप्रमाणे लावून, रक्ताचे अहवाल, रिकामी झालेली गोळ्यांची पाकिटं (नाव त्यांच्यावरच असतं), रेशनकार्ड, आधार, आणि एका कागदावर चार ओळी: त्रास केव्हापासून, काय काय होतं, आधी कुणी काय दिलं, कशाने बरं वाटलं. पावसाळा असेल तर दोन पिशव्या, एकात एक.

सकाळी खिडकीवर "काय त्रास आहे?" विचारतील. तेव्हा म्हणा, "झोप नाही आणि मन लागत नाही, दोन महिने झाले." आणि केसपेपर हातात आला की बाजूला उभं राहून, तेच लिहिलंय का, हे वाचून बघा. वाचता येत नसेल तर सोबतच्याला वाचायला सांगा.